लोणाचा अर्थ

नाटक कंपनी मोडली तेव्हा माझ्यापाशी एक बाजाची पेटी उरली, आणि पालीला माहेरी जाऊन बसलेली बायको. सासऱ्यांचं पत्र सरळ होतं: कायमची नोकरी लागेपर्यंत मुलीला आणि नातीला पाठवणार नाही. नात रांगू लागली, हेही त्याच पत्रात शेवटी चिकटवलेलं. मी ते पत्र इतक्यांदा वाचलं की घड्यांवर फाटलं.

खाडीकाठच्या एका शाळेने मला गाण्याचा मास्तर म्हणून सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. शाळा तपासायला दिपोटीसाहेब येतील, ते काय शेरा देतात त्यावर पुढचं ठरणार होतं. हेडमास्तरांना गाणं म्हणजे थिल्लरपणा वाटे. ‘बघू या, किती दिवस टिकतंय ते,’ असं ते माझ्या तोंडावर म्हणाले होते.

चार महिने मी घसा फोडून शिकवलं. पोरं सारेगम पाढ्यासारखी घोकत आणि साती स्वर एकाच सुरात ओरडत. कोमल गंधार विचारला की एकमेकांच्या तोंडाकडे बघत. माझा धीर सुटत चालला होता. वर्गात चिडायचो, मग ओसरीवर जाऊन स्वतःवर चिडायचो. हीच पोरं सुटी झाली की मैदानात आट्यापाट्या खेळत, आणि तिथले डावपेच त्यांच्या बरोबर ध्यानात राहत. एके दिवशी वैतागून मी पेटीच मैदानात नेली.

वाळूत काठीने सात पाट्या ओढल्या, प्रत्येक स्वराची एक. एक गट पाट्यांवर उभा, दुसऱ्या गटातलं एक पोर उतरणार. मी पेटीवर सा धरायचा. त्यावरून पोराने समोरच्या पाटीचा स्वर लावायचा. लागला तर पाटी ओलांडायची, चुकला तर पाटीवरचं पोर हात आडवा करून ‘बेसूर!’ म्हणणार आणि गडी बाद. जाताना आरोह, येताना अवरोह. सगळं पार करून परत आलं की त्या गटाचं ‘लोण’ आलं. मग मी एक प्रश्न विचारायचा. त्याचं उत्तर बरोबर आलं तरच गुण, नाहीतर तो दुसऱ्या गटाला.

तीन आठवड्यांत पोरं सुरात आली. खोटं नाही सांगत, मला रडू आलं. सगळ्यांत पुढे होती मिठागरात राबणाऱ्या एका आगऱ्याची दहा-अकरा वर्षांची मुलगी. तिचा कान माझ्याहून तयार होता, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. तिनेच एकदा लोण म्हणजे काय म्हणून विचारलं. मी हौसेने सांगितलं, लोण म्हणजे लवण, मीठ. जुनी माणसं सांगतात की मीठ चोरून पळवून न्यायच्या धडपडीतून हा खेळ निघाला. ती इतकी खूश झाली की घरच्या धंद्याला शाळेत मान मिळाला असंच तिला वाटलं असावं.

ते वर्ष मिठाच्या सत्याग्रहाचं होतं. किनाऱ्यावर धरपकड चालली होती. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या डोक्यात फक्त नोकरी होती.

दिपोटीसाहेब आले त्या दिवशी तीच मुलगी उतरली होती. अवरोहाचा शेवटचा सा लावून ती परतली आणि तिचा सगळा गट बेंबीच्या देठापासून ओरडला, ‘लोण! लोण आणलं!’ साहेब फाटकातच थांबले.

‘मास्तर, शाळेत हे काय चालवलंय?’

‘आट्यापाट्या, साहेब. स्वरांची उजळणी.’

‘आट्यापाट्या आम्हीही खेळलो आहोत. पण आजच्या दिवसांत, या किनाऱ्यावर, हाच शब्द सापडला तुम्हाला?’ मग ते मुलीकडे वळले. ‘काय गं, लोण म्हणजे काय?’

तिला वाटलं, हाच गुणाचा प्रश्न. ताठ उभी राहून म्हणाली, ‘मीठ. चोरून न्यायचा मीठ.’ आणि हसून माझ्याकडे वळली, ‘बराबर हाय ना, मास्तर?’

हेडमास्तर माझ्याकडे टक लावून होते. डोळ्यांसमोर ते फाटकं पत्र.

‘चूक,’ मी म्हणालो.

साहेबांनी विचारलं, ‘मग हिला हे सांगितलं कोणी?’

ती माझ्याकडेच बघत राहिली, मी सांगेन म्हणून.

‘घरी ऐकलं असेल,’ मी म्हणालो. ‘मिठागरातली आहे.’

गुण दुसऱ्या गटाला गेला. तो मी माझ्या तोंडाने दिला. नंतर पोरांनी साहेबांसमोर आरोह-अवरोह सुरेल म्हणून दाखवले, शेरा चांगला मिळाला, नोकरी कायम झाली. दुसऱ्या दिवशी पोलीस मिठागरावर जाऊन तिच्या बापाला चार प्रश्न विचारून आला. मारलं नाही, नेलं नाही. एवढं कळल्यावर मी सुस्कारा सोडला, आणि त्या सुस्काऱ्याची आजही मला किळस येते.

पंधरा दिवसांत बायको आली. लेक मला ओळखेना, पण चार दिवसांत कडेवर येऊ लागली.

आगऱ्याची पोर शाळा सोडेल असं मला वाटलं होतं, खरं तर तशी आशाच होती. ती येत राहिली. पुढच्या उजळणीला तिची पाळी आली. मी सा धरला, मग गंधार वाजवला आणि विचारलं, ‘हा कोमल की शुद्ध?’

झोपेतही तिला ओळखता आला असता. ती पाटीपाशी हात जोडून उभी राहिली, अगदी नीट, आदराने, आणि म्हणाली, ‘तुमी सांगाल त्यो, मास्तर.’