मिस्त्रींचा उजवा खांदा

मिस्त्रींच्या कामाला सफाई होती ती एका सवयीमुळे. रंधा फळीच्या या टोकाला टेकवला, की त्या टोकाबाहेर जाईपर्यंत हाताचा जोर कमी करायचा नाही. "मध्येच हात उचललात तर फळीला पोट सुटेल," असं ते हाताखालच्यांना सांगत. छपरावरून पडून त्यांचं कमरेखालचं अंग गेलं, त्याला अकरा वर्षं झाली. ती सवय मात्र गेली नव्हती.

पडल्यानंतरची दोन वर्षं बायकोने त्यांना उचललं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात. ती कधी हूं का चूं करायची नाही, आणि तेच त्यांना सहन व्हायचं नाही. मग दंडांत ताकद आली, स्वतःला उचलून इकडून तिकडे बसता यायला लागलं. पुढे अपंग खेळाडूंच्या क्लबने शर्यतीची खुर्ची वापरायला दिली: तीन चाकं, बसायला जेमतेम खाच, पाय दुमडून पट्ट्याने बांधायचे. त्या खुर्चीत चारशे मीटर ते कुणाच्या उपकारात नसत.

आता क्लबच्या संघाची निवड होती. चारशे मीटर एका मिनिटाच्या आत. ज्याची वेळ बसणार नाही, त्याची खुर्ची दुसऱ्याला. मिस्त्रींची वेळ एक मिनिट दोन सेकंदांवर अडून बसली होती. वय त्रेचाळीस. आणि उजवा खांदा रात्रंदिवस ठणकत होता.

डॉक्टरीणबाईंनी खांद्याच्या स्कॅनचा फोटो उजेडात धरला. "इथला स्नायू उसवत चाललाय. सहा आठवडे आराम."

"निवड नऊ दिवसांवर आहे."

"मिस्त्री, तुमचे पाय म्हणजे हे खांदे. हा गेला तर पलंगावर चढायलासुद्धा माणूस लागेल."

बायको दवाखान्यात सोबत होती, तिने सगळं ऐकलं होतं. घराच्या दारात ती म्हणाली, "मग? जाताय ना मरायला?"

"तुला विचारलंय का?"

"विचारू नका. उचलायची वेळ आली की हाक मारा."

तरी दुसऱ्या दिवशी तीच खडूचा तुकडा घेऊन त्यांच्या सुतारकामाच्या दुकानात आली. शर्यतीच्या खुर्चीत चाक धरत नाहीत. चाकाला बाहेरून एक लहान कडं असतं, त्यावर कडक हातमोज्याने ठोसा मारून ते खाली रेटायचं. मिस्त्रींनी लाकडी रुळांवर खुर्ची चढवली होती, म्हणजे चाकं जागच्या जागी फिरत. बायकोने त्यांच्या मोज्यांना निळा खडू फासला आणि चाकाच्या बाहेरून कड्याला लागून एक पुठ्ठा उभा केला. दहा ठोसे मारून झाल्यावर तिने चाकं थांबवली आणि हात घासून पुठ्ठ्यावर उमटलेला निळा पट्टा बोटाने मोजत गेली.

"क्लबचे सर काय म्हणतात? हात कुठे सोडायचा?"

"चाक म्हणजे घड्याळ धरलं, तर साडेसहा वाजतात तिथे."

"तुमचा निळा रंग आठ वाजेपर्यंत आलाय."

मिस्त्रींनी वाकून पाहिलं. खरंच. तळ गाठल्यावरही त्यांचा हात कड्याला चिकटून मागे वर जात होता. तिथे हात चाकाला ढकलत नाही; चाकच हाताला ओढतं. प्रत्येक फेऱ्याला ते स्वतःच ब्रेक लावत होते, आणि प्रत्येक फेऱ्याला खांदा मागे पिरगळला जात होता. दोन सेकंदही तिथेच जात होते आणि खांदाही.

"अगं, पण हात मध्येच उचलायचा म्हणजे..."

"फळी नाहीये ती," बायको म्हणाली.

आठ दिवस त्यांनी हात सोडण्याचा सराव केला. साडेसहा वाजले की मनगट झटकायचं, हात सैल टाकायचा. ठोसा मारणं सोपं होतं. सोडताना दर वेळी काम अर्धवट टाकल्यासारखं वाटे. वेळ मात्र साठ सेकंद आणि आठ दशांशांवर आली.

निवडीच्या दिवशी दोन संधी होत्या, अकरा वाजता आणि चार वाजता. अकराच्या शर्यतीत तीनशे मीटर मिस्त्री पाण्यासारखे गेले. हात पडत होता, सुटत होता, खांदा जणू नव्हताच. शेवटच्या वळणावर दम संपला. दम संपला की डोकं थांबतं आणि अंग आपलं जुनं काम करू लागतं. हात कड्याला चिकटला. जोर लावावा तशी चाकं जड होत गेली, म्हणून त्यांनी आणखी जोर लावला. रेषेच्या अलीकडे खांद्यात काहीतरी ओलं कापड फाटावं तसं फाटलं.

"साठ सेकंद, तीन दशांश," सर धावत आले. "अरे मिस्त्री, केसभराने हुकलं! चारला होणार!"

"होणार," मिस्त्री म्हणाले.

बायकोने पाणी पुढे केलं. त्यांनी डाव्या हाताने घेतलं.

"उजवा वर करून दाखवा."

"आखडलाय जरा."

"अहो, दाखवा."

"सरांना काही बोललीस तर बघ." मग आवाज खाली गेला. "हात जोडतो. नाही, तेही येणार नाही. बोलू नकोस एवढंच."

पावणेचारला तिने त्यांच्या लोंबत्या उजव्या हाताच्या बोटांवर मोजा चढवला. लहान मुलाला कपडे घालावेत तसं एकेक बोट बसवलं, पट्टा आवळला, हात उचलून कड्यावर ठेवला. मग सरांकडे न बघता ती दोरीपलीकडे जाऊन उभी राहिली.

चार वाजता बार झाला. मिस्त्रींनी दोन्ही हातांना हुकूम सोडला. डावा गेला. उजवा कड्यावरून घसरून मांडीवर पडला. डाव्याने पुन्हा ठोसा मारला आणि खुर्ची उजवीकडे वळली. त्यांना कळलं, तरी त्यांनी मारला, अजून एक, अजून एक. बाकीच्या खुर्च्या सरळ निघून गेल्या आणि मिस्त्री धावमार्गाचा एकेक पट्टा ओलांडत मैदानाच्या कडेला आले. गवतात पुढचं चाक रुतलं तेव्हा ते थांबले.

सर दोन दांडग्या माणसांना घेऊन आले. "काढू का बाहेर?"

मिस्त्रींनी मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. तो तिथेच होता.

"तुम्ही नको," ते म्हणाले. "माझ्या बायकोला बोलवा."