भातवडीच्या रणात गहू

चाळिशी ओलांडलेला माणूस थर्माकोलचे डोंगर करत बसला, तर तुमच्या पोटात का दुखतं? तो दारू पीत नाही, पत्ते कुटत नाही, कुणाच्या दारात हात पसरत नाही. गारखेड्यातला आमचा कडुबा वाळूजच्या कंपनीतून सुटला की जेवणाच्या टेबलावर लढाई मांडतो, बस्स. फासे टाकायचे, बोटभर उंचीचे सैनिक पट्टीनं मोजून सरकवायचे. सैनिक विकत मिळतात. रणांगण मात्र हा हातानं करतो. घासणीची झाडं, आईस्क्रीमच्या काड्यांचा तट, बायकोच्या ब्लाउजपिसांचे तंबू. ती बिचारी सरिता कधीची मांडीवर ताट घेऊन जेवते.

बिडकीनच्या सत्यमकडं तयार प्लास्टिकचे परदेशी डोंगर. खेळणाऱ्या चार जणांत तो बोलला, "कडुभाऊ, तुमचा पट म्हंजे शाळेतलं प्रदर्शन. हात लावला की टेकडी हातात येते. इथून पुढं सामने माझ्या पटावर."

कडुबाच्या अंगाचा तिळपापड झाला. "पुढच्या रविवारी घरी ये. भातवडी मांडतो. एक टेकडी जरी उपटली तर माझं सगळं सामान भंगारात. नाय उपटली, तर सामने माझ्याच पटावर. हाय कबूल?"

"कबूल."

भातवडी म्हणजे मलिक अंबरनं तळं फोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला ती लढाई. तेव्हा चिखल खराच पाहिजे! मागच्या अंगणात भागूबाईनं, म्हणजे कडुबाच्या मायनं, गावाकडच्या, कन्नडच्या वावरातली काळी माती गहू मिसळून घमेल्यात ठेवली होती. नवरात्राच्या घटासाठी. दाणे कडुबाला दिसले, पण त्याला हल्ली सगळ्यात रणातले धोंडेच दिसायचे. "लई भारी!" म्हणत त्यानं घमेलं पटावर ओतलं आणि मायनं ओरडू नये म्हणून त्यात शेजारच्या बांधकामावरची माती भरून ठेवली. भागूबाईची नजर अधू. तिनं त्याच मातीचा घट मांडला.

कडुबा दोन्ही वेळा पटावर पाणी फवारायचा. कोंब फुटले तेव्हा हा खूश, फुकटात गवत! पाचव्या माळेपर्यंत गव्हात हत्ती बुडाले.

तिकडं देवघरातल्या घटाला एक कोंब नाही. देवी रुसली म्हणून भागूबाईच्या डोळ्याला पाणी. मग तिला टेबलावरचं हिरवंगार दिसलं.

"कड्या, आई इथं येऊन बसली रे!"

माळ थेट टेकडीवर चढली. आळीतल्या बाया ओटी घेऊन आल्या. खरं सांगावं तर माय जिवंत सोडत नाही, न सांगावं तर सामना बुडतो. कडुबानं तोंड शिवून घेतलं.

रविवारी सत्यम आला.

"चप्पल काढ, पाय धू," भागूबाई म्हणाली.

"आज्जी, माझे घोडेस्वार मांडायचेत."

"मांड की. पण घट उठेस्तोवर याला तुम्ही हात लावायचा नाय. मला उपास हाय, मी लावते."

झालं! फासे सत्यमनं टाकायचे, घोडे भागूबाईनं हलवायचे.

"आज्जी, डावीकडं सहा इंच!"

"इतक्या लांब कशाला धाडतो लेकराला? बसू दे माळेपाशी."

"अहो, तो सेनापती हाय!"

"मंग त्यानं पाया पडू नाय का?"

सत्यमच्या तोफा गव्हात कुठं गेल्या, त्या कुणालाच सापडेनात. शेवटी तो भडकला. "पैज टेकडीची होती ना?" असं म्हणून त्यानं डोंगराचं टोक धरलं आणि हिसका मारला. टेबल हललं, डोंगर हलला नाही. मुळ्यांनी माती, थर्माकोल, फळी, सगळं मगरमिठीत धरलं होतं. भागूबाईनं त्याच्या मनगटावर चापट मारली ती वेगळीच.

"मानलं, भाऊ," सत्यम मनगट चोळत म्हणाला. "सामने तुमच्या पटावर."

कडुबाची छाती फुगली, पण दसऱ्यापर्यंतच. त्या दिवशी भागूबाईनं गव्हाचे तुरे सगळ्यांच्या टोपीत खोवले, सत्यमच्यासुद्धा, आणि उरलेली भातवडी वाजतगाजत विहिरीवर नेली. थर्माकोल पाण्यात जाऊ नये म्हणून कडुबानं तो खरवडून घेतला, पण हाती आला तो नुसता भुगा.

आता दिवाळीचा सामना तोंडावर आलाय आणि ह्या गड्याकडं पटच नाही. तुम्ही सणाला टीव्ही-फ्रिज घ्यालच. खोक्यातला थर्माकोल नाल्यात फेकू नका, जाळू तर मुळीच नका. गारखेड्यात कडुबाच्या घरी आणून द्या.