शिसवी कपाटावरचा मोर

बेळगावच्या कॅम्पातली ती चोरी इतक्या वर्षांनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही. स्वातंत्र्यापूर्वीचा काळ, मी फौजदार होतो. विलायतेला परतणाऱ्या एका गोऱ्या अंमलदाराच्या सामानाचा लिलाव होता. आदल्या दिवशी माल पाहण्यासाठी बंगला खुला ठेवला होता. सगळी गर्दी एका कोरीव शिसवी कपाटापुढे. संध्याकाळी पाहतात तो कपाटाच्या दारावर कोरलेला वीतभर मोर गायब.

पंचनामा केला. पटाशीने मोर अलगद सुटा केला होता, आजूबाजूला ओरखडाही नव्हता. पहारेकऱ्याचा संशय पुण्याहून आलेल्या जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यावर. तो उतरला होता त्या खोलीची झडती घेतली, काही मिळाले नाही. मग खानसाम्याने आमच्या जमादाराच्या कानावर घातले, की निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याने लाकूड पारखायला शहापूरचा म्हातारा सुतार आणला होता, आणि धनी गेल्यावरही तो मागे रेंगाळला होता.

सुताराला चौकीवर आणले. तो काही कबूल करीना. मी दरडावले नाही. चहा दिला आणि सहज म्हणालो, "मामा, शंभर वर्षांपूर्वी असे कारागीर होते. आता कुठले?"

"शंभर कसलं साहेब, चाळीसबी झाली न्हाईत," तो बोलून गेला.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

त्याने चहाची कपबशी खाली ठेवली. "माझ्या गुरुभावानं केलंय. उस्तादानं काम आधी मलाच दिलतं. मोराची मान काय मला वळंना. मग त्येला दिलं. त्यो मरून धा वर्सं झाली, तरी काल बघंल त्यो त्येच्याच हाताचं कौतुक करतोय. मला न्हाय सोसलं."

त्याच्या घरी मोर मऊ धडप्यात गुंडाळलेला मिळाला. शेजारी त्याने स्वतः कोरलेले सात मोर होते, सगळे मानेपाशी अर्धवट सोडलेले. पंचांनी विचारले, हेही जप्त करायचे का? मी नको म्हणालो.

कोर्टाने वय पाहून किरकोळ शिक्षा दिली. मोर परत बसवायला दुसरा कोणी सुतार धजेना, म्हणून मालकाच्या संमतीने त्यानेच बसवला. सांधा कुठे ते मलाही दिसेना. दोन पावले मागे सरून तो म्हणाला, "लई चांगला हात हुता त्येचा."

त्या दिवसांत माझ्या बरोबरीचा एक फौजदार माझ्याआधी इन्स्पेक्टर झाला होता. त्याच्या तपासाचे कागद मागवून मी चुका हुडकत बसे, आणि त्या सापडत नसत. ज्याचा मत्सर वाटतो त्याची खरी योग्यता आपल्याइतकी कुणालाच कळलेली नसते, हे त्या म्हाताऱ्यामुळे मला कबूल करावे लागले. त्याच आठवड्यात मी त्या इन्स्पेक्टरला बढतीबद्दल अभिनंदनाचे पत्र लिहिले. ते आठ महिने उशिरा गेले.