सहीच्या तारखेला
कायद्याच्या तिसऱ्या वर्षाची ती मुलगी वकीलबाईंकडे इंटर्न म्हणून लागली, तेव्हा तिला टेबल मिळालं फायलींच्या कपाटांमागे. सगळे तिला "नवीन" म्हणत. महिना उलटला तरी ती नवीनच होती.

काम एकच: एका विधवा आजींचा दिराशी नऊ वर्षं चाललेला घराचा दावा, त्याचे सात गठ्ठे वाचून तारखांचा तक्ता करायचा. चार दिवस खपून केलेला तक्ता बाईंनी दोन मिनिटांत परत दिला.

"निबंध लिहिलायस का? तारीख, घटना, पान नंबर. बस्स."

दुपारी बाकीचे मधल्या खोलीत डबे उघडत. तिथे खुर्च्या पाच, माणसं पाच. ती जिन्यात बसून जेवायची आणि आईला फोनवर सांगायची, "खूप शिकायला मिळतंय गं."

दुसरा तक्ताही परत आला. तिसऱ्या वेळी पाचव्या गठ्ठ्यात औषधांच्या बिलामागे चिकटलेला एक कागद सुटला. दवाखान्याचा. आजींच्या नवऱ्याचा उजवा हात महिनाभर प्लास्टरमध्ये होता. आणि दिराच्या नावे हक्क सोडल्याच्या कागदावर त्यांची झोकदार सही होती, त्याच महिन्यातली.

बाई कागदाकडे बघत राहिल्या. "पान नंबर बरोबर आहे?"

"तीनदा पाहिलाय, मॅडम."

"ठीक."

कोर्टात ती मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसली होती. न्यायाधीशांनी सही तपासायला पाठवली. आजींनी बाईंचे हात धरले, आणि बाई घाईने पुढच्या खटल्याला गेल्या. आजी मागे येऊन बसल्या, तिच्या शेजारी.

"तू कोणाची वाट बघतेयस, बाळा?"

"मी मॅडमकडेच असते. तुमचे कागद वाचलेत मी."

"माझी साक्षसुद्धा?"

"दोनदा."

"मी तेव्हाच सांगत होते, यांचा हात मोडला होता. सगळे म्हणायचे, कागद दाखवा." आजींनी पदराने डोळे टिपले. "दोनदा वाचलीस?"

कागद मला सापडला, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण "हो, आजी," एवढंच ती म्हणाली.

निकाल आजींच्या बाजूने लागला, तोवर तिची इंटर्नशिप संपली होती. कॉलेजच्या वाचनालयात बाईंचा मेसेज आला: "घर आजींचं. तक्ता कामी आला."

"आम्ही जिंकलो," ती शेजारच्या मुलीला म्हणाली.

मुलीने कानातला इअरफोन काढला. "काय?"

"काही नाही."