दारापाशी बसवलेली प्रमुख

फिजीतल्या एका बेटावरच्या गावची प्रमुख सेनिमिली, लोक तिला मानानं 'आदी' म्हणत, आणि तिला बसवलं कुठं, तर सभाघराच्या दारापाशी, बायकांच्या रांगेत! वरच्या, मानाच्या चटईवर तिचा धाकटा भाऊ नेमानी मांडी ठोकून बसला होता. राजधानी सुवाहून मंत्री विलिसोनी आला होता. जमिनीचं बोलणं बाईमाणसाशी कशाला, म्हणून ही सोय त्यानंच करवली होती.

बाईमाणूस! याच बाईमाणसानं किनाऱ्यावरच्या स्वतःच्या जमिनीवर शाळा उभी केली. एरवी चटया विणत बसल्या असत्या अशा बेटावरच्या मुली तिच्या हाताखाली शिकून नर्स झाल्या, मास्तरणी झाल्या. पुढे ती संसदेत निवडून गेली. तिथं पक्षानं तिला काम काय दिलं, तर पाहुण्यांच्या गळ्यात हार घालायचं. मुलींच्या वसतिगृहाला पाणी नाही म्हणून ती बोलायला उठली, तर मागून आवाज आला, "आधी चहाचं बघा, बाई!" सगळे खिदळले. पाणी तिनं आणलंच. पुढच्या निवडणुकीत तिचं तिकीट कापलं गेलं. चहाच्या त्या टोमण्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसला होता हाच विलिसोनी, तिच्याच शाळेत शिकलेला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा मेला!

आता त्याला शाळा पाडून तिथं हॉटेल हवं होतं. मागणं घालायला त्यानं रीतीप्रमाणे देवमाशाचा दात आणला होता. दात हातात घेतला की मागणं मान्य, मग माघार नाही. नेमानीला होडीचं नवं इंजिन कबूल झालं होतं. त्याचा हात केव्हाचा शिवशिवत होता.

विलिसोनी दात घेऊन नेमानीकडे सरकला, तशी सेनिमिली कडाडली, "कुठं निघालास रे? दात कुणापुढे ठेवतात?"

"प्रमुखापुढे, बाई," त्याच्या तोंडून वर्गातल्यासारखं निघून गेलं.

"मग प्रमुख कोण?"

नेमानी पुटपुटला, "ताई, चारचौघांत तमाशा नको."

"तू गप बैस. इंजिनापायी पोरापोरींची शाळा विकायला निघालास, लाज नाही वाटत?"

गावाच्या वतीनं बोलणारा म्हातारा मेसाके खाकरला. "आदींचं बरोबर आहे. दात त्यांच्यापुढेच जायचा."

मग मंत्री रीतीप्रमाणे रांगत रांगत अख्खं सभाघर ओलांडून दाराशी आला. त्यानं दात तिच्यापुढे धरला. सेनिमिलीनं हात मांडीवरून हलवले नाहीत.

"नाही घेत. उचल आणि चालता हो."

"बाई, शाळेत आता पोरं तरी किती उरलीत?"

"शिक्षक तूच काढून नेलेस, आणि वर मलाच विचारतोस?"

तो दात घेऊन निघाला. बाहेरची वाट तिच्या अंगावरूनच होती, आणि बसलेल्या प्रमुखासमोरून फिजीत कुणी ताठ जात नाही. तो घुटमळला.

"वाक," ती म्हणाली. "ही जागा तूच दिलीस मला."

मंत्री वाकला. त्याच्यामागून त्याची माणसं वाकली, आणि सगळ्यांत शेवटी नेमानी.