कार्लेखिंडीतली खडखड

काळूराम अलिबागच्या कोळीवाड्यातला, पण होडीत पाय ठेवला की त्याला मळमळायचं. बापाने दोन हंगाम वाट पाहिली आणि पोराला मुंबईला मोटारींच्या कारखान्यात धाडलं. सहा वर्षं तिथे हात काळे करून तो परतला आणि धरमतर ते अलिबाग मोटार हाकू लागला.

१९३४ साली मोटारमालक बाबाजीशेठ यांनी नवी अमेरिकन गाडी आणली. सपाटीवर झकास पळायची. पण उतारू भरून कार्लेखिंड चढू लागली, की इंजिनातून खडखड सुरू व्हायची, पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखी.

"तुला जुन्या गाडीची सवय. ही तुला झेपत नाही," शेठ म्हणाले. मुंबईहून मिस्त्री आला. त्याने इंजिन खोललं, काजळी खरवडली, बेअरिंगं बदलली. आवाज होता तसाच. मग शेठनी मुंबईचा एक ड्रायव्हर ठेवला आणि काळूरामकडे गाड्या धुणं आलं. घरी जेवता जेवता त्याचा हात थांबायचा.

त्या शिमग्याला सगुणाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा भाऊ भिकू रजेवर आला. तो परदेशी जाणाऱ्या बोटीवर इंजिनखात्यात होता. काळूरामने त्याला सगळं सांगितलं.

"भावोजी, गाडीत खोट न्हाय," भिकू म्हणाला. "पेट्रोल वेगळं हाय. इंजिनात ते दाबलं जातं, मंग ठिणगी पडते. ठिणगीपासून ते हळूहळू जळत गेलं पायजे; हलकं असलं तर वाढत्या दाबानं उरलेलं एकदम आपलं आपणच भडकतं. तोच तुमचा आवाज. आमचा इंजिनेर सांगायचा, पेट्रोलला आकडा असतो. आकडा मोठा तितका दाब सोसतं. अमेरिकेत त्यात औषध घालतात, म्हणून तिथली इंजिनं जास्त दाबाची, तुमची गाडीबी त्यातलीच."

"मग आपल्या पेट्रोलचा आकडा किती?"

"त्यातबी घोळ हाय. त्याच पेट्रोलला एक देश सत्तर म्हनंल, दुसरा पासष्ट."

"पेट्रोल तेच, तर आकडा दोन कसे?" काळूराम चक्रावला.

सगुणा तांदूळ मोजत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आवो, आपली पायली न् तिकडं जंजिऱ्याच्या हबसानातली पायली येक हाय का? तांदूळ त्योच, माप येगळं."

भिकू हसला. "अक्का, बरोब्बर! प्रत्येकाची मोजायची रीत निराळी."

पेट्रोल बदलणं काळूरामच्या हातात नव्हतं. ठिणगी कधी पडावी, ते मात्र होतं; ती उशिरा पडली, तर दाब कमी चढेल.

पंधरवड्याने मुंबईचा ड्रायव्हर कंटाळून निघून गेला. काळूराम शेठकडे गेला. "एक सकाळ गाडी द्या. बिघडली तर तोंड दाखवणार नाही."

त्याने इंजिनाला ठिणगी वाटून देणाऱ्या डबीचा स्क्रू सैल केला आणि डबी केसभर फिरवली, ठिणगी जरा उशिरा पडावी म्हणून. भाताची पोती भरली. शेठ शेजारी बसले. पहिल्या चढाला खडखड झालीच, पण कमी. तो उतरला, डबी आणखी जराशी फिरवली, गाडी मागे घेऊन पुन्हा चढवली. आता नुसती घरघर. वेग थोडा मंदावला होता, तेवढंच. काळूरामने हात धोतराला पुसले.

खिंड उतरल्यावर शेठ म्हणाले, "मी तुला उगाच खाली उतरवलं रे."

"पेट्रोलच्या डब्यांचा नवा माल आला, की डबी जुळवायला पहिली फेरी पोत्यांची करू द्या शेठ. उतारू नंतर."

"करशील. आणखी काय हवं?"

काळूराम घुटमळला. "बाजारच्या दिवशी कोळणींच्या पाट्या टपावर घ्यायच्या. पोयनाडच्या बाजारापर्यंत डोक्यावर नेतात, आमची सगुणासुद्धा."

शेठनी नाक मुरडलं, पण नाही म्हणाले नाहीत. पुढच्या बाजाराला टपावर सात पाट्या होत्या आणि सगुणा शेवटच्या बाकावर, पुढचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून, आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसली होती.