लावणीतली गोळी

रत्ना माझी धाकटी जाऊ. पायाला भिंगरी बांधूनच ती या घरात आली. चुलीवर भात ठेवून अंगण झाडायला जाईल, झाडता झाडता गोठ्यात शिरेल, आणि इकडे भात करपलेला. मी ओरडले की म्हणते, "वैनी, मी बसले ना, का डोकं चालाया लागतं." त्याचं कारण आळीला ठाऊक आहे. लग्नानंतर वर्षभरात तिला दिवस गेले, तिने दुसऱ्याच महिन्यात हौसेने घरोघर सांगितलं, आणि पोर पोटातच गेलं. बायका म्हणाल्या, एवढा बोभाटा कशाला करायचा, दृष्ट लागली. बायकांच्या जिभेला काय हाड? पण तिने ते मनाला लावून घेतलं.

यंदा पुन्हा दिवस राहिले तेव्हा तिने फक्त नवऱ्याला, संजूला सांगितलं. पाचवा लागेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही असं दोघांचं ठरलं. मी भिंतीला भिंत लागून राहते, पण मलाही पत्ता नाही. लावणी सुरू झाली तशी तीही आमच्याबरोबर चिखलात उतरली.

आमचं शेत सिद्धगडाच्या अंगाला. लावणीच्या दिवसांत चिखलातून लेप्टोचा ताप येतो, उंदरांच्या मुताने. म्हणून सरकारी सिस्टर बांधावर गोळ्या घेऊन येते आणि समोर उभी राहून गिळायला लावते, कारण आमची माणसं गोळी कमरेला खोचतात आणि विसरतात. त्या दिवशी तिने बांधावरूनच ओरडून विचारलं, "कुणी दोन जिवाची हाय का गो? तिला ही गोळी नाय चालत." शेतात सासरे होते, चुलतसासरे होते, चिखलणी करणारे गडी होते. रत्नाने मान खाली घातली, हात पुढे केला आणि गोळी गिळली. नको म्हणाली असती तर सगळ्यांना कळलंच असतं.

तिथून तिचं जे सुरू झालं! घासलेली भांडी परत घासायची. धुतलेलं लुगडं परत पिळायचं. मोबाईलवर गोळीचं नाव घालून वाचत बसायची. एकीकडे लिहिलेलं, बाळाचे दात पिवळे पडतात, दुसरीकडे हाडांचं काहीतरी, तिसरीकडे काहीच होत नाही. वाचून संपलं की पुन्हा पहिल्यापासून. आम्हाला वाटलं नवरा-बायकोचं वाजलंय. विचारलं तर उठून गोठ्यात जायची.

श्रावणात तिला लघवीला जळजळ सुरू झाली, मग ताप. कंबर धरून चालायला लागली तेव्हा मीच तिला टमटममध्ये घालून मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंकडे जाताना मला म्हणाली, तुम्ही बाहेर थांबा. लघवी तपासली, गोळ्या मिळाल्या. परतताना रस्त्यात हळूच सांगितलं, "वैनी, मला दिवस हायेत." मला आनंद झाला आणि रागही आला. "मेले, आता सांगतेस व्हय?" म्हणून मी तिच्या पाठीत हलकीच चापट मारली.

ताप मात्र उतरेना. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मी गोळी द्यायला गेले, तर पाकीट भरलेलंच. एकही गोळी फोडलेली नाही.

"गो रत्ने, हे काय?"

"लावणीत एक गिळली ना. आता नाय गिळायची. ही पन तसलीच असल. माझं पोर जाईल, वैनी."

तेव्हा मला बांधावरची गोष्ट कळली. असा संताप आला, आणि तो काढावा कुणावर ते कळेना. तिच्यावर, त्या दृष्टवाल्या बायकांवर, चारचौघांत विचारणाऱ्या सिस्टरवर. तापलेल्या माणसावर ओरडून काय उपयोग? संजूला म्हटलं, रिक्षा आण.

दवाखान्यात संजू केसपेपरच्या रांगेत राहिला. डॉक्टरीणबाईंच्या टेबलाभोवती माणसंच माणसं. त्यांना बघून रत्नाचा आवाज खाली गेला, पण तिने गोळीचं सांगितलं. बाईंनी तिच्या कमरेवर हलकी थाप मारली तशी ती कळवळली.

"ती लेप्टोची गोळी पुन्हा घ्यायची नाही," बाई म्हणाल्या. "पण एवढ्या लवकर, एकदाच घेतलीस, त्याने बाळाला काही व्हायची शक्यता फार कमी. सोनोग्राफीत बघूच आपण. कालच्या गोळ्या वेगळ्या होत्या, गरोदर बाईला चालणाऱ्याच दिल्या होत्या. आता धोका आहे तो या तापाचा. जंतू वर मूत्रपिंडाला गेलेत. याने अवेळी कळा येऊ शकतात. आता गोळीने भागणार नाही, दाखल हो, सुईतून औषध देते. आधी किती मुलं?"

"एक पन नाय. दोन गेली."

मी चमकले. मला एकच ठाऊक होतं.

"दुसरं गेल्या साली," रत्ना खाली बघत म्हणाली. "कुनाला सांगितलंच नव्हतं. ह्यांना पन नाय. तवा पन असाच ताप हुता, अशीच जळजळ. अंगावर काढला."

"त्यानेच गेलं का, ते आता सांगता यायचं नाही," बाई एवढंच म्हणाल्या.

खाटेवर पडल्यावर, हाताला सलाईन लागल्यावर, तिने मला जवळ बोलावलं. "वैनी, त्या टायमाला औषध घेतलं असतं तर?"

"ठाऊक नाय गो," मी म्हटलं, आणि मलाच रडू फुटलं. एकटीने ती काय काय घेऊन हिंडत होती घरभर!

रत्ना रडली नाही. नर्स खाटेजवळून पुढे निघाली होती. रत्ना कोपरावर उठली आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी हाक मारली, "सिस्टर, मी पोटुशी हाय! पुढचं औषध कवा देनार?"